आठ हजार एकशे अठरा रुपयांची सवलत: इचलकरंजीतल्या एका पॉलिसीचं प्रकरण

२०२४ च्या नोव्हेंबरात काका माझ्या ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या हातात दोन कागद होते. एक पोस्टाचं पासबुक, दुसरं आरोग्य विमा कंपनीचं रिन्यूअलचं पत्र. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्यांचे सहा लाख आहेत. २०२३ च्या जूनमध्ये ठेवलेले, ८.२ टक्क्यांनी. तिमाहीला १२,३०० व्याज, वर्षाचे ४९,२००. आणि रिन्यूअलच्या पत्रावरचा आकडा होता ४८,३८०. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ते म्हणाले, "वरचे आठशे वीस आमचे. बाकीचं सगळं त्यांचं."

मी इचलकरंजीत लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. विमा विकत नाही. पण गल्लीतल्या माणसांचे सगळे कागद शेवटी माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे या एका पॉलिसीची चार वर्षं मी जवळून पाहिली आहेत. याच काळात आरोग्य विम्यात एकामागून एक सुधारणा झाल्या आणि प्रत्येक वेळी "विमा आता सामान्यांच्या आवाक्यात" असा मथळा वाचला. काका-काकूंच्या घरात त्या सुधारणा कशा पोचल्या, किती पोचल्या, हे इथे मांडतो आहे. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

घर आणि हप्ता

काका सूतगिरणीच्या टाइम ऑफिसातून २०१६ साली निवृत्त झाले. आता वय ६७, काकू ६३. ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन महिना २,६४०. वरची एक खोली भाड्याने दिलीय, तिचे ४,५००. काकू ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात, त्याचे वर्षाला तीसेक हजार. पुण्यातला मुलगा महिन्याला पाच हजार पाठवतो. व्याज धरून वर्षाचे २,२४,८८०. हप्ता त्यातला पाचवा हिस्सा खातो.

पॉलिसी २०१५ ची, दोघांची मिळून ५ लाखांची फ्लोटर. २०२२ चा हप्ता २८,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५,११२, एकूण ३३,५१२. २०२३ ला काकांनी पासष्टी ओलांडली आणि मूळ हप्ताच ३६,३०० झाला, करासकट ४२,८३४. २०२४ ला ४१,००० आणि कर ७,३८०. तीन वर्षांत नुसता कर १९,०२६ रुपये.

या कराबद्दल मला पहिल्यापासून राग आहे. हप्त्यावर कलम ८०डी खाली ज्येष्ठांना ५०,००० पर्यंत वजावट मिळते असं सगळे सांगतात. ती मिळते जुन्या करपद्धतीत, आणि ज्याला आयकर भरावा लागतो त्याला. काकांचं उत्पन्न करपात्रच नाही, त्यामुळे वजावट शून्य. जीएसटी मात्र सगळ्यांना सारखा. म्हणजे डॉक्टर किंवा कारखानदार हप्ता भरून आयकरात थोडं परत मिळवणार आणि सूतगिरणीचा निवृत्त कारकून १८ टक्के जास्त भरून घरी जाणार. २०१७ च्या जुलैपासून आठ वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या नोव्हेंबरात काका पॉलिसी सोडायच्याच बेतात होते. "दहा वर्षं भरतोय, घेतलं काय? काकूचं एक ऑपरेशन." मी म्हटलं, "काका, एवढं वर्ष भरा." हा सल्ला देताना माझ्याकडे भक्कम कारण नव्हतं, नुसती धास्ती होती.

फेब्रुवारी २०२५, रात्री पावणेदोन

छातीत कळ आली. मुलगा पुण्यात. काकूंनी मला उठवलं, मी रिक्षा बोलावली आणि जो मोठा खासगी दवाखाना आधी लागला तिथे नेलं. राज्य सरकारची मोफत उपचारांची फुले योजना, अंगीकृत म्हणजे त्या योजनेत सामील रुग्णालय, कोणतं कार्ड कुठे चालतं, यातलं काहीही त्या वेळी डोक्यात नव्हतं. सकाळी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. एक रात्र आयसीयू, दोन दिवस खोली.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली पाहिजे. कॅशलेसचा, म्हणजे बिल कंपनीने थेट दवाखान्याला भरण्याचा, पहिला होकार चाळीस मिनिटांत आला. डिस्चार्जच्या दिवशी अंतिम मंजुरीला दोन तास वीस मिनिटं लागली. २०१९ ला काकूंच्या ऑपरेशननंतर आम्ही सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत बिलिंगच्या खिडकीसमोर बसलो होतो, खोलीचं भाडं चढत होतं ते वेगळं. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं की पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची, उशीर झाला तर दवाखान्याचा वाढीव खर्च कंपनीने सोसायचा. तो नियम काकूंनी डोळ्यांनी पाहिला.

टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, एक शंकाही आली होती. २०१५ च्या फॉर्मात काकांचं ब्लडप्रेशर लिहिलेलं नव्हतं. एजंट तेव्हा म्हणाला होता, "गोळी चालू आहे म्हणून काय लिहायचं, सगळ्यांनाच असतं." असल्या एका वाक्यापायी कितीतरी क्लेम बुडाले आहेत. पण सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. काकांची नऊ झाली होती, म्हणजे ते जुन्या नियमातही तरले असते. सहा-सात वर्षं भरलेल्यांना मात्र या बदलाने खरंच वाचवलं.

आता बिल. एकूण १,९४,६००. मंजूर १,६४,३५०. खिशातून ३०,२५०.

हे तीस हजार कुठून आले ते नीट पाहण्यासारखं आहे. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. आयसीयूतून बाहेर काढताना सांगितलं गेलं, वॉर्ड भरलाय, ६,५०० ची खोली आहे, देऊ का? काकू हो म्हणाल्या. कोण नाही म्हणेल? त्यांना वाटलं वरचे दीड हजार आपण देऊ, दोन दिवसांचे तीन हजार. पण खोली मर्यादेबाहेरची घेतली की डॉक्टरांची फी आणि कॅथलॅबचे आकारही त्याच प्रमाणात कापले जातात. त्या आकारांचे ८८,४०० झाले होते, त्यातले ६८,००० मंजूर झाले. म्हणजे २०,४०० गेले. खोलीचे ३,००० गेले. हातमोजे, किट, फाइलचे पैसे वगैरे ६,८५० या पॉलिसीत बसत नाहीत. बेरीज ३०,२५०. स्टेंट, औषधं, तपासण्या आणि आयसीयूला ही कात्री लागत नाही, तेवढा दिलासा.

बिलिंगच्या खिडकीवर काकूंनी पर्समधून पोस्टाचं पासबुक काढलं आणि मला विचारलं, "यातले मोडता येतात काय रे?" मुलाने पैसे पाठवले, मोडावे लागले नाहीत.

काकूंचा खडा आणि पांढरं रेशनकार्ड

ऑगस्ट २०२५ मध्ये काकूंना मूतखड्याचा त्रास झाला. दुर्बिणीतून काढायचा होता. पॉलिसीत बसत होतं. पण काकू म्हणाल्या, "पॉलिसी तुमच्या हृदयासाठी राहू दे. माझं रेशनकार्डावर होतंय काय बघूया."

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती आणि दीड लाखापर्यंत होती. तिचं मूळ राजीव गांधी जीवनदायी योजनेत. ती २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. २०२३ ला सरकारने ती पांढऱ्या कार्डवाल्यांनाही खुली करायचं आणि संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख करायचं ठरवलं, आणि १ जुलै २०२४ पासून १,३५६ उपचारांसाठी ते लागू झालं. काकांचं कार्ड पांढरं. ते कार्ड वीस वर्षांत शाळेचे दाखले आणि गॅसच्या कनेक्शनशिवाय कशाला उपयोगी पडलेलं नव्हतं.

आम्ही एका ट्रस्टच्या अंगीकृत दवाखान्यात गेलो. आरोग्यमित्र म्हणून बसलेल्या मुलीने कार्ड आणि आधार घेतलं, फोटो काढला, नाव जुळत नव्हतं तर त्याचं पत्र कसं आणायचं ते कागदावर लिहून दिलं. मंजुरीला चार दिवस, मग ऑपरेशनच्या यादीत आणखी चार. वॉर्डात दहा खाटा, एकच पंखा धड चालणारा. ऑपरेशन नीट झालं. बिल शून्य. रिक्षा, नाश्ता, झेरॉक्स धरून १,१५० खर्च.

याच घराने सहा महिन्यांत दोन दवाखाने पाहिले. एकीकडे वर्षाला अठ्ठेचाळीस हजार भरून वर तीस हजार, दुसरीकडे काहीच न भरता शून्य. मग पॉलिसी हवीच कशाला, हा प्रश्न काकांनी विचारला आणि तो रास्त होता. उत्तरही त्यांच्याच अनुभवात होतं. खड्याला आठ दिवस थांबता आलं. फेब्रुवारीतल्या त्या रात्री थांबता आलं नसतं, आणि जो दवाखाना आधी लागला तो योजनेत नव्हता. योजनेची यादी लांबलचक असली तरी मध्यरात्री तुमच्या रस्त्यावर असलेला दवाखाना त्यात असेलच असं नाही.

कर गेला

सप्टेंबर २०२५ मध्ये कर गेला. याची एक कडी नागपूरची आहे. तिथल्या आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचारी संघटनेने नितीन गडकरींना निवेदन दिलं होतं, त्यावरून गडकरींनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहिलं की विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी काढावा. मग मंत्रिगट नेमला गेला, आणि ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने निर्णय घेतला. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक, फ्लोटर आणि ज्येष्ठांच्या पॉलिसींवर कर शून्य. एका कर्मचारी संघटनेचा अर्ज इतक्या लांब जाऊ शकतो, याचं मला मनापासून कौतुक आहे.

त्याआधी जानेवारीत नियामकाने आणखी एक बांध घातला होता: साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी बोलायचं. काकांच्या कंपनीने बरोबर १० टक्केच वाढवला. २०२५ चा हप्ता ४५,१००, कर शून्य.

कर असता तर ८,११८ आणखी लागले असते, एकूण ५३,२१८. म्हणजे सवलत आठ हजारांची. पण प्रत्यक्षात आदल्या वर्षीपेक्षा खिशातून कमी गेले ते ३,२८०. उरलेलं १० टक्के वाढीने गिळलं. २०२६ च्या नोव्हेंबरात पुन्हा १० टक्के वाढ झाली तर हप्ता ४९,६१०, म्हणजे करासकट भरलेल्या २०२४ च्या आकड्याच्याही पुढे. आठ वर्षं चाललेला कर गेल्याचा फायदा दोन रिन्यूअलमध्ये संपतो. १० टक्क्यांचा बांध नसता तर पहिल्याच वर्षी संपू शकला असता, हेही खरं.

मुलाच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे. आईवडिलांना त्यात घ्यायचं तर हप्ता त्याच्या पगारातून, आणि ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के अजून आहेतच. शिवाय तो कंत्राटी. नोकरी गेली की आईवडिलांचं संरक्षणही गेलं.

आणि एजंट. कर गेल्यावर कमिशनवरच्या कराचा परतावा कंपन्यांना मिळेनासा झाला, तेव्हा काही कंपन्यांनी तो भार कमिशनमधून कापायला सुरुवात केली. आमच्या एजंटला १०० रुपयांच्या जागी साधारण ८५ मिळतात. ब्लडप्रेशर न लिहिणारा तोच माणूस फेब्रुवारीत सकाळी सहा वाजता दवाखान्यात हजर होता आणि टीपीएच्या शंकेला उत्तरही त्यानेच लिहून दिलं. गावात क्लेमच्या वेळी जो माणूस उभा राहतो त्याचाच वाटा कापला जावा, हे मला पटत नाही.

नोव्हेंबर २०२५: काय करायचं

आम्ही तिघं एका रविवारी बसलो. काकूंनी पोहे केले होते.

पहिला विचार कंपनी बदलण्याचा. दोन ठिकाणी विचारलं. स्टेंट नऊ महिन्यांपूर्वीचा म्हटल्यावर दोघांनी नकार दिला. पोर्टिंगचा हक्क आहे म्हणतात, पण नव्या कंपनीला घ्यायचंच असं बंधन नाही. नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारासाठी कमाल तीन वर्षं थांबायचं. ही मुदत आधी चार वर्षांची होती, पण ६७ व्या वर्षी तीनही फार.

मग विमा रक्कम ३ लाखांवर आणायचा विचार. हप्ता ३६,९०० झाला असता, ८,२०० वाचले असते. काकांना हे आवडलं होतं. मी फेब्रुवारीचं बिल पुन्हा काढलं. ३ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा ३,०००. त्याच ६,५०० च्या खोलीत तेच ८८,४०० आता ४०,८०० वर आले असते. ४७,६०० ते, खोलीचे ७,०००, वरचे ६,८५०. खिशातून ६१,४५०, म्हणजे आणखी ३१,२००. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे रक्कम कमी केली की कात्री मोठी होती व्हय!"

तिसरा विचार मुलाचा. पॉलिसी सोडायची, फुले योजना आहेच, वरून ५ लाखांनंतर सुरू होणारा स्वस्तातला सुपर टॉप-अप घ्यायचा. कागदावर छान. पण योजनेबाहेरच्या दवाखान्यात गेलो तर पहिले ५ लाख घरातून काढावे लागतील, आणि या घरात सहा लाख आहेत तेवढेच.

शेवटी तीच पॉलिसी, तीच रक्कम, ४५,१००. नियोजित ऑपरेशन असेल ते रेशनकार्डावर, तातडीचं असेल ते पॉलिसीवर. दोन अंगीकृत दवाखान्यांची नावं आणि ५,००० च्या आतल्या खोल्यांचे तीन दवाखाने काकूंनी एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले. काकांना २०२८ ला सत्तर पूर्ण होतील, मग केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येईल. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, ५ लाखांचं. पण ते सत्तरी ओलांडलेल्यांचंच. काकू तेव्हा ६६ च्या असतील.

हे सगळं पाहून माझं मत असं झालंय. नियम चांगले झाले. मंजुरी वेळेत येते, जुनं उकरून क्लेम मारता येत नाही, कर गेला. विमा पूर्वीपेक्षा विश्वासाचा झाला, हे मी ठामपणे म्हणेन. स्वस्त झाला असं मात्र म्हणणार नाही, कारण हप्ता ठरतो दवाखान्याच्या बिलावरून आणि बिलाला या सुधारणांनी हातच लावला नाही. जिथे हात लावला तिथे फरक दिसतो. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० ठरवली, त्याआधी तोच लाखाच्या घरात लागायचा. काकांच्या बिलातला स्टेंट आज ठरलेल्या मर्यादेत आहे तो त्यामुळेच. कोविडच्या पहिल्या लाटेत, मे २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारने खासगी दवाखान्यांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले होते: वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. म्हणजे दर बांधता येतात. राज्यात २०२१ च्या नियमांनुसार दवाखान्याने दरपत्रक लावायचं असतं. त्या रात्री मी काउंटरवर ते शोधलं, मला दिसलं नाही. दिसलं असतं तरी पावणेदोन वाजता आम्ही दर वाचत बसलो नसतो.

पॉलिसीत न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे रोजच्या गोळ्या. स्टेंटनंतर दुकानातून महिन्याला १,९०० च्या येत होत्या, आता जनऔषधीतून तीच औषधं ७८० ला मिळतात.

२०२५ च्या व्याजातून हप्ता गेल्यावर ४,१०० उरले. ते काकूंनी गोळ्यांना वापरू दिले नाहीत. बिस्किटांच्या जुन्या डब्यात वेगळे ठेवलेत. दरवर्षी १० टक्के वाढ धरली तर २०२६ च्या नोव्हेंबरात हप्त्याला व्याज ४१० रुपयांनी कमी पडेल, ते त्या डब्यातून जातील. उरतील ३,६९०. त्याच्या पुढच्या नोव्हेंबरात हप्ता ५४,५७१ होईल आणि ५,३७१ कमी पडतील. हा हिशेब मी करून दिला तेव्हा काकूंनी शिलाई मशीनवरून मान वर करून विचारलं, "म्हणजे दोन वर्षांत मला सोळाशे एक्याऐंशीचे ब्लाउज जास्तीचे शिवायचे. हुक लावायचे किती घेऊ आता?"